आबाजींचं हौ

प्रीतम शिवणकरला एक व्यसन होतं, आणि ते तंबाखूचं असतं तर घरच्यांनी समजून घेतलं असतं. गायखुरीतल्या त्या घरात खर्रा घोटणाऱ्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. पण हा पोरगा दिवसभर खाजगी शाळेत गणित शिकवायचा आणि घरी आला की डब्या उघडायचा. आगपेटीएवढ्या, साबणाच्या वडीएवढ्या, काळ्या, चंदेरी, सगळ्या स्वस्तातल्या. त्यातली एक डबी मोबाइलमधल्या आकड्यांचा आवाज करायची, तिला डॅक म्हणायचं. दुसरी त्या आवाजाच्या अंगात जोर भरून तो हेडफोनपर्यंत पोचवायची, तो ॲम्प. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण प्रीतमची हौस मोल बघूनच चालायची. महागडं काही घ्यायचं नाही आणि स्वस्तातलं काही सोडायचं नाही, एवढा एकच नियम त्यानं आयुष्यात पाळला होता.

अडचण एकच होती. इंटरनेटवरचे जाणकार लिहायचे की या डबीचा आवाज गरम आहे, त्या डबीचा थंड आहे, तिसरीत गाणारीचा श्वास ऐकू येतो. प्रीतमला हा फरक कधी ऐकू यायचा, कधी नाही. जेवणाआधी यायचा, जेवल्यावर सगळं सारखंच. त्यामुळे त्याला एक निःपक्षपाती कान हवा होता.

त्याच्या बाबूजींनी, म्हणजे तेजरामनी, दोन्ही डब्या कानाला लावून पाहिल्या. "दोन्हीत गानंच वाजून राह्यलं ना? मंग?" एवढं बोलून ते उठले. आई पुष्पलतानं मात्र डोळे मिटून, मन लावून ऐकलं. इतकं मन लावून की कुकरच्या शिट्ट्या तिच्या कानावर आल्याच नाहीत आणि वरणाचा कोळसा झाला. त्या दिवसापासून तिनं या कामाला हात जोडले.

उरले आबाजी. तेजरामचे वडील, महागू शिवणकर. लालबऱ्याच्या एका राइस मिलमध्ये तांदूळ सडणाऱ्या खडखडत्या हलरच्या शेजारी उभं राहून त्यांची जवानी गेली आणि जाताना कानही घेऊन गेली. कानाचं मशीन एकदा आणलं होतं, ते त्यांनी शिट्टी मारतं म्हणून पेटीत टाकलं. ठार बहिरे. पण घरात त्यांचा मान असा की त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. घर बांधायचं असो, गाय विकायची असो, तेजराम त्यांच्यासमोर उकिडवा बसायचा आणि सगळा मामला सांगायचा. त्याचं तोंड हलायचं थांबलं की आबाजी म्हणायचे, "हौ," म्हणजे हो. मग तेजराम बाहेर येऊन गंभीरपणे सांगायचा, आबाजीनं हौ म्हटलं. शिवणकरांचं घर वर्षानुवर्षं असं एकमतानं चाललं होतं. आपल्या ओळखीची किती घरं अशीच चालतात ते ज्यानं त्यानं आपलं पाहावं.

तर प्रीतमच्या मनात आलं, ज्या कानात इतकी वर्षं काही शिरलं नाही, त्याच्याइतका कोरा कान बालाघाट जिल्ह्यात दुसरा नसेल. त्यानं आबाजींच्या डोक्यावर मोठे हेडफोन चढवले, एक गाणं लावलं आणि ॲम्पचं बटन फिरवत फिरवत शेवटापर्यंत नेलं.

आबाजींच्या भुवया टोपीत गेल्या. "बाई कोन हाये हे?" त्यांनी विचारलं.

प्रीतमनं घाईघाईनं डबी बदलली. आबाजी ऐकत राहिले. "हे नाकातून बोलून राह्यली." तिसरी लावली. "हे उपाशी हाये." चौथी, सगळ्यात स्वस्त, आगपेटीएवढी. आबाजी भिंतीला टेकले. "हे बाई जेवून आली. हे ठीक हाये."

प्रीतमला आनंदानं रडूच यायचं बाकी होतं. एवढा नेमका अभिप्राय त्यानं कुठल्याच जाणकाराकडून ऐकला नव्हता. त्याच भरात त्यानं मोबाइलचा माइक चालू करून त्याच डबीला जोडला, म्हणजे खोलीतलं बोलणंही आबाजींना ऐकू यावं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं कशाला म्हणतात, ते त्याला पुढच्या मिनिटात कळलं.

कारण नेमका तेव्हाच तेजराम दारात उभा राहून फोनवर आपल्या बहिणीशी, बिरसाच्या लीलाबाईशी बोलत होता. "आबाजी तयार हायेत. प्रीतमच्या लग्नाची सुपारी झाली का आनून देतो तुह्याकडं. खोली लागंल ना पोरायले."

"कोन तयार हाये?" आबाजींनी विचारलं.

तेजरामनं फोन कानापासून दूर धरला. "तुमी. दिवाळीत हौ म्हटलं ना आबाजी."

"मी?" आबाजी विचारात पडले. मग म्हणाले, "नाही."

पुष्पलता परातीत कणीक मळत होती, तिचा हात तसाच राहिला. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून हा शब्द आबाजींच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला होता. बिरसा म्हणजे जंगलापलीकडचं गाव. तिथं लीलाबाईचं घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, फक्त लेक सोडली तर आबाजींच्या ओळखीचं तिथं कुणी नव्हतं. आणि प्रीतमला हे दिवाळीतही माहीत होतं. आबाजींनी बिरसाला राहायला जावं आणि त्यांची खोली नव्या जोडप्याला द्यावी, असं बाबूजी विचारत होते तेव्हा तो शेजारीच बसला होता आणि आबाजींनी हौ म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं होतं. आता ते आठवून त्याला लाज वाटली, पण लाज आणि खोली या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहू शकतात.

दुसऱ्या दिवसापासून आबाजी चहा झाला की हेडफोन मागायचे आणि तेजरामला समोर बसवायचे. "आजवर मी कायकायले हौ म्हटलं, सांग."

तेजराम सांगायचा. रोडवरचं वावर विकलं. "नाही," आबाजी म्हणायचे. काळी गाय दिली. "नाही." जिना घराच्या बाहेरून काढला. "काहून? पान्यात भिजाले? नाही." डोळ्याचं ऑपरेशन केलं. "नाही." तेजराम कळवळून म्हणाला, "आबाजी, ते तं झालं." आबाजी म्हणाले, "मंग वापस करा." एक दिवस असंही निघालं की रात्री खिचडीच पाहिजे यालाही त्यांनीच हौ म्हटलं होतं. आबाजींना खिचडी बिलकूल आवडत नव्हती. इतकी वर्षं ते घरात दुसरं काही शिजत नसेल असं समजून दयेपोटी खात आले होते.

तेजराम रडकुंडीला आला. "हे मशीन फेक बावा," तो प्रीतमला म्हणाला. "चांगलं घर होतं आमचं."

पण प्रीतमला दुसरीच काळजी लागली होती. तिरोडीच्या चैतराम बागडेंची मुलगी राखी त्याच्यासोबत बीएडला होती. दोघांचं तेव्हापासून जमलं होतं, दोन्हीकडच्यांना पटवून पटवून बेत साक्षगंधापर्यंत, म्हणजे साखरपुड्यापर्यंत आला होता. राखीवाचून आपलं काही खरं नाही हे त्याला स्वच्छ ठाऊक होतं. आणि रीत अशी की साक्षगंधात मुलीचा बाप मुलाकडच्या सगळ्यात वडीलधाऱ्याला पंचांसमोर विचारतो. काही अट असेल, काही म्हणणं असेल, ते त्यानं तिथंच बोलायचं. त्यानं हौ म्हटलं की सुपारी फुटते. सुपारी फुटली की मग अट नाही, प्रश्न नाही, तिथं बोलणं संपलं. आणि शिवणकरांकडचा वडीलधारा सध्या चहा सोडला तर सगळ्याला नाही म्हणत होता. लग्न म्हणजे आपली खोली गेली, हे त्याला आता नीट ऐकू आलं होतं.

प्रीतम गणिताचा माणूस, त्यानं प्रयोग मांडला. एकच प्रश्न वेगवेगळ्या डब्यांतून विचारायचा आणि कुठल्या डबीतून आबाजी हौ म्हणतात ते पाहायचं. "आबाजी, आज खिचडी करू?" उपाशी बाईच्या डबीतून विचारलं तर आबाजींनी काठी उचलली. नाकातल्या डबीतून विचारलं तर तोंड फिरवलं. जेवून आलेल्या बाईच्या डबीतून विचारलं तेव्हा म्हणाले, "कर बावा, तुह्या मायले तरास नोको." प्रीतमला वाटलं, सापडलं. खात्रीसाठी त्यानं संध्याकाळी पुन्हा विचारलं, तर त्याच डबीतून काठी आली. बऱ्याच दिवसांच्या मेहनतीनंतर त्याच्या ध्यानात आलं की डबीचा काही संबंध नाही. आबाजी जेवणाआधी नाही म्हणतात आणि जेवल्यावर जरा नरमतात. हे शोधायला डॅक लागत नाही, पण ते त्याला कोण सांगणार.

साक्षगंधाच्या सकाळी तेजराम हळूच म्हणाला, "आज कान घरीच राहू दे." पण आबाजी आधीच धुतलेलं धोतर नेसून, टोपीवर हेडफोन चढवून गाडीत जाऊन बसले होते. डबी प्रीतमच्या खिशात आणि तिची वायर आबाजींच्या कानात, अशी नवरदेवाची आणि आजोबाची जोडी कटंगीवरून तिरोडीला पोचली. मंडपातल्या बायकांनी नवरीआधी आबाजींनाच पाहून घेतलं. मुलाकडच्यांनी आपला डीजे सोबत आणलाय, असं त्यांचं ठरलं.

मुहूर्त जेवणाआधीचा होता. प्रीतमनं चैतरामला आधी पंगत बसवा म्हणून सुचवून पाहिलं, चैतरामला वाटलं जावई भुकेला आहे, आणि त्यानं त्याच्या हातावर पेढा ठेवला.

राखी समोर येऊन बसली. तिनं प्रीतमकडे पाहिलं. चैतराम हात जोडून आबाजींसमोर आला. पंच पुढं सरकले, अडकित्त्यात सुपारी धरली गेली. "आबाजी," चैतरामनं सुरुवात केली, "आमच्या पोरीले तुमच्या घरात..."

आबाजींनी मान वाकडी केली, ओठ एकमेकांवर दाबले. अगदी तसेच, जसे ते नाही म्हणण्याआधी दाबायचे. प्रीतमचा अंगठा खिशात गेला आणि त्यानं बटन शून्यावर आणलं.

चैतराम बोलत राहिला. आबाजींचे डोळे एकदा बारीक झाले, मग ते चैतरामच्या तोंडाकडे पाहू लागले. तोंड थांबलं.

"हौ," आबाजी म्हणाले.

त्यांनी पुढं काही बोलायला बोट वर केलं होतं. पण अडकित्ता मिटला, सुपारीचे दोन तुकडे ताटात पडले, टाळ्या वाजल्या, बायका हसल्या, आणि ते बोट तसंच थोडा वेळ वर राहून खाली आलं. ते बोट प्रीतमनं पाहिलं. तेजराम इतका खूश झाला की त्यानं ओळखदेख नसलेल्या माणसालाही मिठी मारली.

पंगतीत प्रीतम आबाजींच्या शेजारी बसला. आबाजींनी त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. "आवाज वाढव."

त्यानं वाढवला.

"तू बटन फिरवलं," आबाजी म्हणाले. रागावले नव्हते, पोळी मोडत होते. "चैतराम अर्धाच बोलला होता."

चोराच्या मनात चांदणं असतंच, प्रीतमची नजर पत्रावळीवरून उठेना. "मले भेव वाटलं आबाजी. तुमी नाही म्हनान असं वाटलं."

"पोरीले काहून नाही म्हनू? मी आलो तवा तिनं उठून मले खुर्ची देली. माह्याकडं तोंड करून जोरानं बोलली. तुमच्यातलं कोनी बोललं का कवा तसं?" आबाजींनी घास तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "हौच म्हननार होतो. पन त्याच्या पुढं एक बोलाचं होतं मले, पंचाईसमोर."

"काय बोलाचं होतं?"

"आता काय इचारून राह्यला बावा. सुपारी फुटली."

त्यांनी हेडफोन काढले, वायर गुंडाळली आणि सगळं प्रीतमच्या मांडीवर ठेवलं. ते एक बोलणं खोलीचंच असणार, हे प्रीतमला वेगळं विचारावं लागलं नाही. आपण कमावलेली राखी समोर वाढत फिरत होती आणि आपल्या खिशातल्या अंगठ्यानं आपण काय करून बसलो ते त्याला आता पुरतं कळलं होतं.

तेवढ्यात तेजराम आला. आनंदात होता, गडी पुन्हा जुन्या आबाजींसमोर उकिडवा बसला. "आबाजी," तो म्हणाला, "गाडी हायेच परवापर्यंत आपल्याकडं. लीलाबाई वाट पाहून राह्यली. परवाच्या दिवशी निघाचं ना बिरसाले?"

आबाजी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तोंड थांबलं. आबाजींचे ओठ उघडले.

"नाही," प्रीतम म्हणाला.

तेजराम वळला. "तुले कोनं इचारलं?"

"आबाजी बिरसाले नाही जात. त्यायची खोली त्यायलेच राह्यते. आमी पाहू आमचं." पंगतीतले लोक ऐकू लागले, राखीचा वाढायचा हात थांबला. प्रीतमनं तिच्याकडे एकदा पाहिलं. मग तो आबाजींकडे सरकून बसला, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तेच पुन्हा म्हणाला.