खालचं अर्धं पान

दिशा तिसरीत होती तेव्हा शाळेतल्या बाईंनी ‘माझे कुटुंब’ असा निबंध लिहून आणायला सांगितला. त्यात घरातल्या प्रत्येकाचा छंद लिहायचा होता. मखमलाबादच्या मळ्यातल्या घरात ती संध्याकाळी वही घेऊन एकेकाकडे फिरली. वडील ज्ञानेश अंबडच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आले होते, त्यांनी कॅरम सांगितला. आजोबा खंडेराव म्हणाले, “पखवाज लिही.” देवळातल्या भजनाला पखवाज तेच वाजवत. आईचा छंद विचारावा लागला नाही. छाया रोज डायरी लिहिते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. राहिली आजी.

रंगूबाई ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. “मला कसला आलाय छंद? काम लिही.”

“काम म्हणजे छंद नसतो, आजी. आपल्याला आवडतं म्हणून करतात तो छंद.”

“मग नाय बाई काय.”

दिशानं ‘माझ्या आजीला छंद नाही’ असं लिहिलं आणि निबंध संपल्यावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे हसले. रंगूबाईही हसल्या, पण त्या दिवशी अर्धीच भाकरी खाऊन उठल्या.

छायाच्या डायरीवर त्यांचा पहिल्यापासून डोळा होता. छाया निफाडकडची, बारावी झालेली. शाळेत असताना लागलेली सवय तिनं सासरी आल्यावरही सोडली नव्हती. नव्या वर्षाला ज्ञानेशला कंपनीकडून डायरी मिळे, ती छायाची. भांडी झाली की ती ट्यूबलाइटखाली बसून एक पान लिहायची. रंगूबाईंना वाचता येत नव्हतं, आणि सून रोज काय लिहिते हा विचार गेली नऊ वर्षं त्यांना टोचत होता. निबंधाच्या दुसऱ्या दिवशी त्या तिच्यासमोर येऊन बसल्या.

“रोज काय लिहितीस एवढं?”

“काही विशेष नाही, आत्या. दिवसभराचं.” छाया सासूला आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा.

“माझ्या कागाळ्या आसतील.”

छायानं डायरी उलटी केली नाही की लपवली नाही. आदल्या दिवशीचं पान काढून ती वाचू लागली. पाटाला पाणी आलं. शेवंतीवर माव्याची कीड दिसतेय. दिशाच्या चपलेचा पट्टा तुटला. चिंचेची आमटी केली होती, मामांनी दोनदा घेतली. आत्या बाजारातून उशिरा आल्या.

रंगूबाई वाट बघत राहिल्या. “अन् फुडं?”

“एवढंच.”

“उशिरा आल्या एवढंच? उशीर का झाला ते नाय? पेठ नाक्यावर टेम्पो बंद पडला. मी पाट्या खाली उतरवल्या अन् तिथंच रस्त्याच्या कडंला बसून झेंडू विकला. फूलबाजारापेक्षा चांगला भाव आला. ते कुठंय?”

“तुम्ही सांगितलंच नाही.”

“तू इचारलंच नाय.”

छायानं पेन उघडलं. “आता सांगा. लिहिते.”

तेव्हापासून वरचं अर्धं पान छायाचं आणि खालचं अर्धं रंगूबाईंचं झालं. सुरुवातीला रंगूबाई भीतभीत सांगायच्या, जणू पलीकडे तलाठी बसलाय. मग जीभ मोकळी झाली. सांगून झालं की त्या परत वाचून घ्यायच्या. एकदा छायानं त्यांचं बोलणं जरा नीटनेटकं करून लिहिलं, तर त्या लगेच म्हणाल्या, “‘आवडलं नाही’ आसं कुठं म्हणले मी? ‘आवडलं नाय’ म्हणले. माझ्या तोंडात तुझं बोलणं नको घालू.” पुढं छाया त्या बोलतील तसंच लिहू लागली. दिवसभर मळ्यात काम करताना रंगूबाई मधेच थांबून म्हणायच्या, “हे आज सांगायचं बरं का.” शेजारणीच्या म्हशीनं कोथिंबिरीचा वाफा खाल्ला, पहिल्यांदा वांग्याला फूल दिसलं, बाजारात एका बाईनं गुलाबाचा वास न घेताच भाव विचारला. हे सगळं पानावर जायचं.

खंडेराव चेष्टा करायचे. “काय कलेक्टरीणबाई, झालं का कामकाज?”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भांडण झालं. झेंडूचा तो एकच दिवस मोठा, आणि त्याच दिवशी दुपारी छायाची शाळेतली मैत्रीण दिंडोरीला आली असल्याचा निरोप आला. छाया “लगेच परत येते” म्हणून गेली. बस मिळाली नाही, ती आली दिवेलागणीला. तोपर्यंत रंगूबाईंनी एकटीनं तोडणी करून ढीग घातला होता.  भांडी झाल्यावर त्या छायासमोर येऊन बसल्या.

“लिही. सुनेला माहेरची माणसं दिसली की घर दिसत नाय.”

छायानं वर पाहिलं. रंगूबाई भिंतीकडे बघत होत्या. छायानं लिहिलं.

“सणाचं काम टाकून ती हिंडायला गेली. माझी कंबर मोडली. आमच्या सासूच्या राज्यात आसं केलं आसतं तर मला दारात उभं केलं नसतं.”

छायानं तेही लिहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण अक्षर हललं नाही. रंगूबाईंनी डायरी तिच्या हातातून घेतली आणि आतल्या खोलीत ज्ञानेशकडे नेली. “वाच रे. हिनं काय लिहिलंय ते वाच.”

ज्ञानेशनं वाचलं. वाचताना त्याची पंचाईत होत होती, पण आई समोर उभी होती. एक शब्दही गाळलेला नव्हता. रंगूबाईंनी डायरी परत घेतली, जागेवर ठेवली आणि त्या झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी, दसरा उरकल्यावर, त्या पुन्हा येऊन बसल्या. “काल सांगितलं ते खरं हाय. पण आल्यावर तू हातपाय न धुता माळा करायला बसलीस, ते मी सांगितलं नाय. ते लिही.”

“राहू द्या, आत्या.”

“राहू द्या काय? कालचं लिहिलंस ना? मग हे बी लिही.”

जानेवारीत थंडी कडाक्याची पडली होती. सगळे चुलीजवळ जेवून तिथंच बसले होते. खंडेराव भिंतीला टेकून रेडिओ ऐकत होते. छायाचं वरचं अर्धं पान झालं आणि ती थांबली. रंगूबाईंनी चुलीतली लाकडं मागं ओढली.

“जुनं सांगितलं तर चालतं का?” त्यांनी विचारलं.

“चालतं की. किती जुनं?”

“दुष्काळाचं. बहात्तरचं.”

छायानं मान हलवली.

“तेव्हा विहीर आटली व्हती. आम्ही दोघं खडी फोडायला जायचो, सरकारी कामावर. ज्ञानेश चार वर्षांचा, त्याला सासूकडं ठेवायचो. पोरगी अंगावर पीत व्हती, तिला बरोबर न्यायची. लिंबाच्या झाडाला झोळी बांधायची. मालन नाव ठेवलं व्हतं. तिला ताप आला. कामावरून घरी आणली, पण दुसऱ्या दिवशी गेली.” रंगूबाईंनी पदर सारखा केला. “तिचा फोटो नाय. कागुद नाय. कुठंच काय नाय तिचं. म्हणून म्हणलं, लिहावं.”

ज्ञानेश पाट सरकवून पुढं आला. “मला बहीण होती?”

“व्हती.”

“कधी बोलली नाहीस, आई.”

“कोणाशी बोलू? ह्या घरात तिचं नाव कोणी काढलं नाय. सासूनं सांगितलं, पोरगी व्हती, इसरून जा. मी म्हणलं, समद्यांना इसरता आलंय तर आपण कशाला नाव काढायचं.”

रेडिओ बंद झाल्याचं तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. खंडेरावांनी तो कधी बंद केला कोणी पाहिलं नव्हतं. ते छायाला म्हणाले, “तिच्या गालावर तीळ व्हता. लिहिलं का?”

रंगूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “तुमच्या ध्यानात हाय?”

“नसंल व्हय? डाव्या गालावर.”

“उजव्या.”

“डाव्या. मी झोळी हालवायचो तेव्हा माझ्याकडं यायचा तो गाल.”

“दूध मी पाजायचे का तुम्ही? उजव्या.”

छायाला कळेना काय लिहावं. शेवटी तिनं लिहिलं, ‘मालनच्या गालावर तीळ होता. आत्या म्हणतात उजव्या, मामा म्हणतात डाव्या.’ तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा दोघांनीही हरकत घेतली नाही. खंडेराव उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळानं डोळे पुसून आत आले. त्या रात्री रंगूबाईंनी त्यांना विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत. ते म्हणाले, “तू बोलली नाय, म्हणून मी बोललो नाय. मला वाटलं, तुला तरास व्हईल.”

मार्चमध्ये निफाडला छायाची आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. छायाला जावं लागलं. दिशाची परीक्षा होती म्हणून ती आजीपाशी राहिली. जाताना छायानं डायरी घरीच ठेवली आणि ज्ञानेशला सांगितलं, “आत्यांचं लिहीत जा.”

ज्ञानेश लिहायला बसला. रंगूबाईंनी सगळं सविस्तर सांगितलं, अगदी कोबीवरच्या अळीपासून. मग म्हणाल्या, “आता वाच.”

“आज कोबीवर औषध मारले. बाकी विशेष नाही,” ज्ञानेशनं वाचलं.

“विशेष नाय? मी एवढं काय भिताडाशी बोलले?”

“सगळं कशाला लिहायचं, आई? मुद्दा आला ना.”

रंगूबाईंनी डायरी त्याच्या हातून काढून घेतली. तीन-चार दिवस पानं कोरी गेली. मग एका संध्याकाळी त्या दिशाची जुनी अंकलिपी घेऊन खंडेरावांसमोर बसल्या. खंडेराव चौथी शिकलेले. भजनाची पोथी ते बोट ठेवून वाचायचे.

“मला शिकवा.”

“ह्या वयात?”

“मग काय पुढच्या जन्मात? त्यात बी तुम्हीच मिळाला तर?”

खंडेराव मास्तर म्हणून काही कामाचे नव्हते. ते फार लवकर चिडायचे आणि रंगूबाई त्यांच्यापेक्षा लवकर. ‘ग’ला काठी लावायची राहिली की ते कपाळावर हात मारायचे. ती अंकलिपी एकदा अंगणातही गेली, मग रंगूबाईच उठून घेऊन आल्या. तरी रोज जेवणं झाली की दोघं बसायचे. लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली होती, पण असं समोरासमोर काही काम नसताना बसायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती. रंगूबाईंनी आधी स्वतःचं नाव गिरवलं, मग मालनचं. ज्ञानेशचं नाव मात्र येईना.

“आसलं कसलं अक्षर हे,” त्या ‘ज्ञ’कडे बघून म्हणायच्या. “कोणी ठेवलं हे नाव?”

“तूच,” खंडेराव म्हणायचे.

छाया मे महिन्यात परतली. तिची आई काठी घेऊन चालू लागली होती. पिशवी ठेवून तिनं पाणी प्यायच्या आत रंगूबाईंनी डायरी तिच्यापुढं धरली. पाटीवर काढावीत तशी मोठी, एकमेकांवर चढलेली अक्षरं होती. एका पानावर तीन ओळी मावल्या होत्या: ‘आज भेंडी तोडली. हात खाजतो. छाया कदी येनार.’

छायानं ते वाचलं आणि सासूकडे पाहिलं.  रंगूबाई म्हणाल्या, “चुकलंय का काय?”

“नाही. बरोबर आहे.”

नवी अडचण जूनमध्ये कळली. रंगूबाई आता स्वतःचं खालचं पान लिहायच्या, आणि लिहिण्याआधी अक्षर अक्षर लावत वरचं वाचायच्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, “‘आत्यांनी उगाच चिडचिड केली.’ ही कधी केली मी?”

 पुढचे काही दिवस छायानं पाऊस आणि भाजीशिवाय काही लिहिलं नाही. ते लिहिताना तिला कंटाळा येऊ लागला. एकदा तर तिनं पान कोरंच सोडलं. शेवटी ती धीर करून म्हणाली, “आत्या, मला माझी वेगळी डायरी हवी. तुम्ही वाचणार म्हटलं की माझा हात अडतो.”

रंगूबाईंना राग आला. “मी माझं समदं तुझ्यासमोर सांगितलं. मालनचं बी. अन् तुला माझ्यापासून लपवायचंय?”

“लपवायचं नाही. पण कधी मलाच कळत नसतं मला काय वाटतंय. ते आधी एकटीनं लिहावं लागतं.”

दोन दिवस घरात बोलणं बेताचंच होतं. मग खंडेरावांनी बायकोला विचारलं, “तू लिहितीस, ते मला दाखवतीस का?”

“तुमचं काय काम त्यात?”

“मग?”

 दुसऱ्या दिवशी फूलबाजारातून येताना रंगूबाईंनी रविवार कारंज्याजवळच्या दुकानातून एक जाड वही आणली आणि छायापुढं ठेवली. “ही तुझी. डायरी मला राहू दे. तिच्यात माझी अक्षरं हायेत.”

छायानं वही उघडली. मोकळं पान एकदम मोठं वाटलं. ती लिहायला लागली आणि निम्म्यावर येऊन सवयीनं थांबली, रंगूबाई काही सांगतील म्हणून. त्या पलीकडच्या भिंतीला टेकून, गुडघ्यावर डायरी घेऊन, जीभ दातांत धरून लिहीत होत्या.

“आत्या, काय लिहिताय?” छायानं विचारलं.

“तुला कशाला पाहिजे?” रंगूबाई मान वर न करता म्हणाल्या.

छाया हसली आणि खालचं अर्धं पान लिहू लागली.