ठोके पडायच्या आधी

माझा आवाज कारखान्याच्या फाटकापर्यंत जातो. बूट बनवणाऱ्या चाळीस माणसांवर मुकादमकी करायची तर तोंडात साखर धरून भागत नाही. सगळ्यांत जास्त बोलणी मात्र धाकट्या भावाने खाल्लीत. आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं, आणि मोठा झाल्यावर इथे तळ चिकटवायच्या खोलीत मीच त्याला लावलं. त्या खोलीत पंखा चालवत नाहीत, वाऱ्याने चिकटवायचं सोल्युशन आधीच सुकतं. वास दिवसभर तिथेच तुंबून राहतो.

गेल्या आठवड्यात त्याच्या उशाखाली सोल्युशनने माखलेली प्लास्टिकची पिशवी सापडली. मी तडक कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठलं. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. हुंगलं की ते फुप्फुसातून रक्तात जातं, रक्तातून मेंदूत, आणि दारूसारखं मेंदूला मंद करतं. आधी हलकं वाटतं, मग जीभ जड होते, पाय वेडेवाकडे पडतात.

"आणि हुंगताना सापडला तर ओरडू नका, मागे धावू नका," त्या म्हणाल्या. "त्या वेळी हृदय बिथरलेलं असतं. नुसता दचकला तरी बंद पडू शकतं."

घरी येऊन त्याला विचारलं. "सोडलं, ताई," म्हणाला. आणि मी शहाणीने विश्वास ठेवला.

आज जेवणाच्या सुट्टीत त्याचा डबा तसाच पडलेला दिसला. मी चिकटवायच्या खोलीचं दार हळूच ढकललं. तो भिंतीला टेकून बसला होता, पिशवी तोंडावर धरून.

शिवी अगदी ओठांवर आली होती. गिळली.

घड्याळात दीडला दोन मिनिटं कमी होती. दीड वाजता लोखंडी टेबलावर हातोड्याचे तीन ठोके पडले की सुट्टी संपते. ही रीत माझीच. मी जागेवर नसले की म्हातारे मिस्त्री ठोके देतात, आणि मिस्त्री एक मिनिट इकडचं तिकडे होऊ देत नाहीत. ते टेबल याच भिंतीच्या पलीकडे. मिस्त्रींना हाक मारावी तर ती आधी याच्या काळजात जायची. धावत जावं तर याला एकटं सोडायचं.

मी त्याच्या शेजारी खाली बसले.

"जेवला नाहीस?"

"भूक... नाही."

"बरं. ती पिशवी दे माझ्याकडे."

दिली त्याने. मी हात लांबवून खिडकी उघडली.

"आता मिस्त्री ठोके देतील. रोजचेच, तीन. मी आहे इथे."

त्याने मान हलवली, कळलं की नाही देव जाणे. मी त्याचं डोकं छातीशी घेतलं, एका कानावर माझा खांदा, दुसऱ्यावर तळवा. बोटांखाली मानेची शीर धावत होती.

पहिला ठोका पडला तसा तो हलला. दुसरा. तिसरा. मी शिरेवरचं बोट उचललं नाही. ती धावतच होती.

मग त्याने डोकं वर केलं आणि माझ्याकडे बघत राहिला. डोळे लाल, पाणावलेले.

"ताई, तू ओरडत का नाहीयेस?"

"उगाच. बस शांत."

"खरं सांग. मी मरतोय का?"

शीर आणखी जोरात उडायला लागली. ठोक्यांना तो घाबरला नाही, माझ्या गोड बोलण्याला घाबरला. इतक्या वर्षांची ही माझी कमाई. मला स्वतःचीच लाज वाटली.

"मरतोस कसला, गधड्या," मी अगदी हळू म्हणाले. "डबा कोण खाणार, तुझा बाप? पहाटे उठून केलाय मी. शर्टाची काय दशा केलीयेस बघ. दाढी नाही, आंघोळ नाही. लाज कशी वाटत नाही रे तुला?"

त्याचे खांदे सैल पडले. मान पुन्हा माझ्यावर टेकली.

"बोल अजून," तो पुटपुटला.

दारात मिस्त्री आले. मी बोटाने गप्प राहा अशी खूण केली आणि दवाखान्याच्या दिशेने हात दाखवला. ते चपला हातात घेऊन गेले. नर्सबाई येईपर्यंत मी भावाला शिव्या घालत राहिले, कुजबुजत, रडत, येत होत्या तेवढ्या सगळ्या.