चिंध्या आणि थापा

डेल्फिनाने पिठाची शेवटची पट्टी तापलेल्या चरबीत सोडली, तेवढ्यात दार न वाजवताच शिपाई आत आला. फॅसिस्टांचा काळा सदरा, खांद्यावर बंदूक, मिशीत पांढरे केस. अंगणात त्याचे सोबती कोंबड्यांचं खुराडं धुंडाळत होते.

"कार्निव्हल चाललाय वाटतं, मावशी."

"परवापासून चाळीस दिवसांचा उपास. युद्ध आहे हे पोटाला कुठे कळतं?"

टेबलापाशी अलेग्रा जपून ठेवलेली मूठभर साखर भुरभुरवत होती. कुणीही आलं तरी हात थांबवायचा नाही, हे डेल्फिनाने तिला शिकवलं होतं. कागदोपत्री ती लुइजा, इथल्याच कुनेओची, डेल्फिनाच्या बहिणीची मुलगी. खरी ती लिव्होर्नोची ज्यू. इटलीतल्या चव्वेचाळीसच्या त्या फेब्रुवारीत हे कळलं असतं, तर तिला आगगाडीत कोंबून नेलं असतं आणि हे घर जाळलं असतं.

"ही कोण?"

"भाची. जीभ घरी विसरून आलीय."

शिपायाने खुर्ची ओढली. गप्प राहणंच जास्त डोळ्यांवर येईल, असं अलेग्राला वाटलं. तिने ताटली पुढे केली.

"घ्या ना. चेंची गरम आहेत."

डेल्फिनाच्या हातातला झारा थांबला. या डोंगरात त्या कुरकुरीत पट्ट्यांना सगळे बुजीए म्हणत, म्हणजे थापा. चेंची, म्हणजे चिंध्या, म्हणायचे ते खाली तोस्कानात, पिसा-लिव्होर्नोकडे. अलेग्राला ते बोलून गेल्यावर कळलं.

शिपायाने तुकडा मोडला आणि सावकाश चावला. मिशीला लागलेली साखर त्याने पुसली नाही.

"बडीशेप नाही घातली. पिसात आमची आई घालायची," तो म्हणाला. "लिव्होर्नोवाले कंजूष. नुसती साखर टाकतात."

अलेग्राने खालचा ओठ दातांत धरला.

"आम्हाला काय ठाऊक, साहेब? आम्ही डोंगरातली माणसं," डेल्फिना हसली. तिचं हसणं जरा लांबलं.

"आत काही आहे का रे?" बाहेरून हाक आली.

"म्हातारी आणि तिची भाची," तो ओरडला. उठताना त्याने आवाज खाली आणला. "बुजीए म्हणायचं, पोरी. उद्या येणारा इथलाच असेल."

पावलं फाटकापलीकडे गेल्यावर डेल्फिनाने कढई उतरवली आणि खुंटीवरचा कोट काढला.

"घाल. मागच्या वाटेने निघ."

"पण त्याने सांभाळून घेतलं ना, मावशी?"

"घेतलं. माणूस वाईट नाही." डेल्फिना तिच्या कोटाची बटणं लावू लागली. "आज तो पिणार. आईची आठवण काढणार. आणि कुठल्या घरी चेंची खाल्ली, ते चार जणांना सांगणार."

गळ्यापर्यंत आल्यावर दिसलं, एक काज उरलं होतं. पुन्हा लावत बसायला वेळ नव्हता.