मयूरीची ड्यूटी बदलली

निवृत्त सुभेदार आकाराम यांच्या साताऱ्यातल्या घरी भेटायला येणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असे. चपला काढायच्या, अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेल्या शालूबाईंकडं बघून "लय वाळल्या" म्हणायचं, ह्याच आजारानं गेलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाची गोष्ट सविस्तर सांगायची आणि चहाची वाट बघायची.

चहा सून मयूरी करायची. सासूची अंघोळ, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, हेही तीच करायची. अडीच वर्षं झाली. नवरा वीरधवल सैन्यात, लांब. आकाराम दारात बसून पाहुण्यांना "या, या" म्हणायचे. हे काम मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही.

शेजारचे आप्पासो रोज येऊन शालूबाईंना "काळजी घ्या" सांगायचे. जिला स्वतःचा पदर सावरता येत नाही, तिनं काळजी नेमकी कशी घ्यायची, हे त्यांनी अजून उघड केलं नव्हतं.

त्या मंगळवारी मयूरीनं दबकत विचारलं, "मामा, शनिवारी श्रद्धाचं डोहाळजेवण हाय मिरजेला. जाऊन येऊ? रविवारी परत येते."

"आन् हिकडं कोन बगनार?" आकाराम म्हणाले. घरातला एकमेव धडधाकट आणि बिनकामाचा माणूस हा प्रश्न विचारतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मयूरी आत गेली. ह्या धाकट्या बहिणीचं, श्रद्धाचं लग्नही तिनं फोनवरच पाहिलं होतं.

दुपारी आप्पासोंसह पाच पाहुणे आले. चहा काही येईना, करपलेल्या दुधाचा वास मात्र आला. आकाराम आत गेले. मयूरी ओट्याला टेकून उभ्याउभ्या झोपली होती. हातात गाळणी, दूध शेगडीवर.

सुभेदार कडाडले, "ड्यूटीवर झोप?"

मयूरी दचकली. तेवढ्यात पलंगावरून हाक आली. "आवं सुभेदार, हिकडं या."

शालूबाईंचं तोंड एका बाजूला ओढलेलं. शब्द सावकाश यायचे, पण आले की नेमके बसायचे.

"तुमी पहाऱ्यावर किती तास उभं ऱ्हायचा?"

"दोन. मग बदली."

"बदली आलीच न्हाई तर?"

"यायलाच पायजे. मानूस हाय का खांब?"

"मग ही पोरगी कवापास्नं उभी हाय?"

एका पाहुण्यानं अर्धं खाल्लेलं बिस्कीट बशीत परत ठेवलं.

"मायेनं करती ती," शालूबाई म्हणाल्या. "पर माया असली म्हनून कंबर दुखायची ऱ्हात न्हाई. मी पडले ते आजारानं. ही पडली तर तुमच्यामुळं."

आकारामांनी आत जाऊन गॅस बंद केला. "पोरी, चुकलो. शनिवारी तू जायचं," म्हणाले आणि जुन्या कॅलेंडरच्या पानामागं ड्यूटीचा तक्ता आखायला बसले. दोघा पाहुण्यांना एकदम तातडीची कामं आठवली. त्यांची नावं आधी लिहिली गेली.

"आप्पासो, रविवारी चार ते सहा. चहा घरनं पिऊन यायचा."

"आरं, पर मला काय येतंय?"

"मलाबी न्हाई. मयूरी शिकवंल."

तीन दिवस प्रशिक्षण चाललं. अंघोळ आणि भरवणं आकारामांनी स्वतःकडं घेतलं. कूस बदलायचा सराव त्यांनी आप्पासोंवर केला. आप्पासो चौथ्या कुशीला गाढ झोपले आणि घरात तासभर दोन पेशंट झाले.

शनिवारी मयूरी मिरजेला गेली. तिथून तिनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा आकारामांनी एकच रिपोर्ट दिला, "सगळं ठीक. तू जेव."

रविवारी पाचला ती परतली. आप्पासो शालूबाईंना पेपर वाचून दाखवत होते. निधनवार्तांच्या पानाला बंदी होती. खुर्चीत आकाराम तोंड उघडं टाकून झोपलेले, हातात वाटी-चमचा.

शालूबाईंनी डावं बोट ओठांवर ठेवलं. "हळू. सुभेदार एका दिवसात गार झाल्यात."

मग तिच्याकडं नीट बघून म्हणाल्या, "लय दिवसांनी तुझं तोंड ताजं दिसलं गं."

मयूरीनं सासऱ्यांच्या हातातली वाटी अलगद काढून घेतली.

तर मंडळी, आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा फळं जरूर न्या. पण पलंगाशेजारी जो उभा असतो त्यालाही विचारा, "तुम्ही कसे आहात?" आणि उत्तर यायच्या आत म्हणा, "दोन तास मी बसतो, तुम्ही जाऊन या."

चहा घरूनच पिऊन जा.