करडा ट्रक आणि वहीतले बाण

पहिल्या आठवड्यात ती ‘त्या मेकॅनिकबाई’ होती. दुसऱ्या आठवड्यात ‘ताई’ झाली. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याच्या बोलण्यातून बाईही गेली आणि ताईही गेली, नुसतं ‘ती म्हणते’ उरलं. ती म्हणते, टायर एकवेळ जुने चालतील, स्प्रिंगचे पाटे मात्र नवे हवेत. ती म्हणते, काच खाली करायला हँडलच बरं, मोटरच नसली म्हणजे जळायची भीती नाही.

धाकटी सून चिंगीला मांडीवर घेऊन भरवत होती. तिने चमचा वाटीत असा आपटला की आठ महिन्यांची चिंगी आधी दचकली आणि मग खुदकन हसली.

“आणि माझं काय म्हणणं आहे, ते विचारलं का तिने?”

“तुझं काय म्हणणं आहे?” नवऱ्याने अगदी भोळेपणाने विचारलं.

हा भोळेपणाच धाकटीला सोसत नसे. माणसाने लपवावं तरी जरा मन लावून लपवावं.

गोष्ट अशी होती. नवऱ्याला पठारावरच्या हवामान केंद्रात नोकरी लागली होती. वारा, ऊन, पाऊस मोजायचा, रोज पायी फिरून यंत्रांवरचे आकडे टिपायचे आणि तिथेच दोन खोल्यांच्या घरात राहायचं. सगळ्यात जवळचा दवाखाना एकशे ऐंशी किलोमीटरवर, आणि गॅरेज दवाखान्याच्याही पलीकडे. रस्ता म्हणजे नुसता दगडधोंडा. तिथे राहायचं तर स्वतःचा ट्रक हवा, आणि तो असा हवा की वाटेत रुसून बसला तर पेटीतल्या चार पान्यांनी जागच्या जागी त्याची समजूत काढता यावी.

धाकटीला तिकडे जायचं होतं. अगदी जीव टाकून जायचं होतं. सासर भरलेलं होतं. सासूबाई, मोठे दीर, मोठी जाऊ, त्यांची तीन मुलं, आणि घरभर कुणाचा ना कुणाचा पंचा वाळत घातलेला. माणसं वाईट नव्हती, पण चिंगीला झोप लागली की कुणीतरी हमखास दार आपटायचं. दोन खोल्या, तीन माणसं आणि कडी आपल्या हाताने लावायची, एवढंच तिला हवं होतं. पाळणा कुठल्या भिंतीला लागेल तेसुद्धा तिने मनात ठरवून टाकलं होतं.

ट्रकही तिने पसंत केला होता. शोरूममधला पांढरा, मऊ सीटचा. समोर हा एवढा पडदा. विकणारा म्हणाला होता, “वहिनी, बटण दाबलं की गाडी स्वतःच सांगते काय दुखतंय ते.” नवराही खूश होता. मग कुणीतरी त्याला म्हणालं की घ्यायच्या आधी त्या पुलाखालच्या मेकॅनिकबाईंना एकदा विचार. तिथे माशी शिंकली.

“ती म्हणते, दुखणं सांगितलं, पण औषध कोण देणार? कंपनीचा कॉम्प्युटर. तो कुठे आहे? इथे शहरात. तू कुठे? पठारावर.” एवढं सांगून नवरा स्वतःच हसला होता. “कशी बोलते बघ!”

धाकटीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मेकॅनिकबाईच्या आवारात एक करडा ट्रक उभा होता, एकवीस वर्षांचा. तिने स्वतः तो आतून-बाहेरून उलगडून पुन्हा बांधला होता. रस्ते करणारे, मीठ वाहणारे, पठाराकडे जे कोणी जातात ते याच जातीचा ट्रक नेतात. अडलं तर बोल्ट कुणाच्याही पेटीत सापडेल. हे सगळं ठीकच होतं. पण तिच्या गॅरेजची एक रीत होती. इतक्या लांब जाणाऱ्याला ती परीक्षा घेतल्याशिवाय किल्ली देत नसे. गिऱ्हाइकाने पाठ फिरवायची, ती ट्रकमध्ये काहीतरी बिघाड करून ठेवणार, आणि गिऱ्हाइकाने ट्रकमधल्याच पान्यांनी, कुणाला एक शब्द न विचारता, तो सुरू करून दाखवायचा. जमलं तर ट्रक तुमचा. नाही तर पुढचा रविवार.

नवरा तीन रविवार नापास झाला होता.

आणि तरी गुणगुणत घरी यायचा! तोंडावर काळा फराटा, अंगाला डिझेलचा वास, बगलेत वही. मोठी जाऊ कणीक मळता मळता म्हणाली, “एवढा अभ्यास तर भाऊजींनी शाळेत पण नाही केला गं.”

सासूबाईंनी विचारलं, “कितीची आहे रे ती बाई?”

“असेल हिच्याएवढी,” नवरा धाकटीकडे बोट दाखवून म्हणाला आणि दुसरी पोळी मागितली. धाकटीने वाढली. पण ती पोळी तव्यावर जरा जास्तच वेळ राहिली होती.

नापास होणारा माणूस इतका खुशीत कसा? धाकटीच्या डोक्यात एक किडा शिरला आणि बाहेर निघेना. हा मुद्दाम तर नापास होत नसेल? पास झाला की रविवार संपले.

मग ती दुपारी वही वाचायला लागली. चिंगी खांद्यावर झोपली की एका हाताने तिला थोपटायचं आणि दुसऱ्या हाताने पानं उलटायची. वहीत नवऱ्याचं अक्षर थोडं आणि त्या बाईचंच जास्त होतं. बारीक, सुबक, ओळीत बसलेलं. इंजिनाची चित्रं, चित्रांवर बाण, बाणांच्या टोकाशी नावं. टाकी, नळी, फिल्टर, पंप. धाकटी त्यात काहीतरी शोधत होती. एखादा लाडिक शब्द, एखादा जास्तीचा हसरा चेहरा. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘हवा काढताना घाई नको.’ त्या ‘घाई नको’पाशी ती दोन दुपारी अडकली. घाई नको म्हणायला ही याची कोण? दुसऱ्या पानावर, ‘आधी डोळे, मग हात, पाना सगळ्यात शेवटी.’ हे तिने दहा वेळा वाचलं, वाकडं करून, सरळ करून. अर्थ काही वेगळा निघेना. चौथ्या दुपारी तिच्या लक्षात आलं की वही मिटलेली आहे आणि तरी बाण डोळ्यांपुढे आहेत. याचा तिला आणखीनच राग आला. त्या बाईचं अक्षर आता माझ्या डोक्यातही घुसलं!

शुक्रवारी नवरा जेवता जेवता खाली बघत म्हणाला, “ती म्हणते, पहिले सहा महिने मी एकट्यानेच जावं. तुला आणि चिंगीला इतक्यात नको.”

धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला. भिंतीला लावलेला पाळणा, कडी, दोन खोल्या, सगळं एका वाक्यात त्या बाईने पुसून टाकलं होतं.

“रविवारी मी येणार आहे,” ती म्हणाली.

“तू? अगं, तिथे धूळ, ऊन… चिंगीला कुठे…”

“येणार म्हणजे येणार.”

नवऱ्याचा चेहरा उतरला. धाकटीने तो उतरलेला चेहरा नीट बघून ठेवला.

पुलाखालचं ते गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्याकृती रंगवलेली, म्हणजे एक जरी जागेवर नसला तर भिंत बोंब मारणार. मेकॅनिकबाई ट्रकखालून सरपटत बाहेर आली. धाकटीने मनात जी रंगवली होती तशी ती अजिबात नव्हती, आणि यानेही बरं वाटलं नाही. साधीच होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस वायरच्या तुकड्याने बांधलेले. हात मात्र बघत राहावे असे. एका फडक्याने ते पुसत ती म्हणाली, “या वहिनी.”

वहिनी म्हणायला ही नणंद कुठली!

आणि चिंगी, जी मोठ्या काकूकडेसुद्धा जाताना ओठ काढायची, तिने त्या बाईच्या कमरेची मोजपट्टी बघितली आणि सरळ दोन्ही हात पसरले. पोरगीही फितूर! धाकटीने तिला घट्ट धरलं. चिंगीने भोकाड पसरलं. शेवटी मोजपट्टी चिंगीच्या हातात आणि चिंगी बाईच्या कडेवर गेली, आणि धाकटी रिकाम्या हातांनी उभी राहिली.

परीक्षा सुरू झाली. नवरा घाम पुसत पुढे झाला. स्टार्टर फिरला, इंजिन काही सुरू होईना. त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, छोटा हातपंप दाबला, फेसाळ डिझेल बाहेर आलं, हवा गेली, स्क्रू घट्ट केला. इंजिन सुरू झालं! त्याने वर बघितलं. मिनिटभरात ते खोकून बंद पडलं. पुन्हा स्क्रू, पुन्हा पंप. पुन्हा मिनिटभर. तिसऱ्यांदा त्याचा पाना निसटून बोटावर बसला.

धाकटी त्याच्याकडेच बघत होती. त्याने एकदाही त्या बाईकडे बघितलं नाही. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी फळ्यापुढे उभं केल्यावर मुलांचे होतात तसे. याला खरंच येत नव्हतं. ते गुणगुणणं म्हणजे बाकी काही नव्हतं, घरात शिरताना लाज झाकायची एक तऱ्हा होती. तिच्या छातीवरचं ओझं एकदम हललं, आणि लगेच दुसरं येऊन बसलं. मग ही बाई कुठल्या अधिकाराने सांगते, बायको-पोरीला नेऊ नका म्हणून?

“तुम्ही म्हणालात आम्ही जायचं नाही?” ती तिरीमिरीत पुढे झाली.

“म्हणाले,” मेकॅनिकबाई शांतपणे म्हणाली. “यंत्रं बघायला हे पायी जाणार, चार चार तास. मागे तुम्ही, ही आणि ट्रक. हिला ताप भरला आणि ट्रक उठला नाही, तर?”

“तर मी उठवीन.”

“कसा?”

“अगं, तुला कुठे…” नवरा म्हणाला.

“द्या तो पाना इकडे!”

नवऱ्याने दिला. दुसरा काही उपाय नव्हता.

वाकल्यावर धाकटीला पहिल्यांदा खरं इंजिन दिसलं. चित्रात सगळं पांढऱ्यावर निळं होतं, इथे सगळं काळ्यावर काळं. तिने पाना बाजूला ठेवला. आधी डोळे. टाकी, तिथून निघालेली नळी, फिल्टर, पंप. एकेक बाण जागेवर बसत गेला. तिने नवऱ्यासारखीच हवा काढली. बुडबुडे आले, फेस आला, मग डिझेलची सलग धार. इंजिन सुरू झालं आणि मिनिटभराने थांबलं.

“बघ,” नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं समाधान होतं.

धाकटी तशीच वाकून राहिली. हवा तर काढली, मग पुन्हा आली कुठून? घरी चिंगी बाटलीने दूध प्यायची, ढेकर काढली तरी पुन्हा पोट फुगून रडायची, तेव्हा सगळ्या बायका तिची पाठच थोपटत बसायच्या. पाठ थोपटून काय होणार? बाटलीचं बूच सैल बसलं होतं. दुधाबरोबर दर घोटाला हवा आत जात होती. ते शोधलं होतं तिनेच, मोठ्या जावेनेही नाही.

तिने टाकीपासून नळीवर बोटं फिरवत आणायला सुरुवात केली. हळू, बाळाच्या फासळ्यांवरून फिरवावीत तशी. नळी कोरडी, कोरडी, कोरडी. फिल्टरच्या अलीकडे, मागच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नव्हता, तिथे बोट ओलं झालं. क्लिप सैल होती.

“इथून पितोय हा वारा,” ती स्वतःशीच म्हणाली.

तिने क्लिप आवळली. पुन्हा हवा काढली. घाई केली नाही. मग स्टार्टर दिला. इंजिन धडधडायला लागलं, आणि एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली, ते बंद पडेना. शेडचा पत्रा थरथरत होता. चिंगी मोजपट्टी सोडून दोन्ही हात हवेत नाचवत होती.

मेकॅनिकबाईने ना टाळी वाजवली, ना शाबासकी दिली. ती जवळ आली, वाकून क्लिपवर बोट ठेवलं, मान हलवली आणि किल्ली धाकटीच्या काळ्याकुट्ट तळहातावर ठेवली.

“तुम्हाला कुणी शिकवलं, वहिनी?”

आता काय सांगणार? तुमच्याच वहीने, आणि ती मी कशासाठी वाचली ते विचारू नका? “येतं थोडंफार,” धाकटी म्हणाली.

“मग जा तिघंही. सहा महिन्यांचं मी मागे घेते. फक्त तासभर थांबा, क्लच आणि फॅन बेल्ट दाखवते. यांना नको, तुम्हालाच.”

त्या तासाभरात धाकटीचा मत्सर गेला म्हणावं, तर तसं काही झालं नाही. फक्त त्याने जागा बदलली. ती बाई नटावर नुसता अंगठा टेकवून सांगायची, अजून पाव फेरा. पाव म्हणजे पावच निघायचा. धाकटी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. नवऱ्याची काळजी तिला आता उरली नव्हती, तो बिचारा बाहेर सावलीत चिंगीला खेळवत होता. तिला ते हात हवे होते. ज्यांना सगळं ठाऊक आहे, असे दोन हात. घरी तिचे हात दिवसभर चालत, पण त्यांना कुणी काही विचारायला येत नसे.

निघताना ट्रक तिनेच चालवायला घेतला. लग्नाआधी वडिलांच्या बेकरीची व्हॅन ती चालवायची, पण हा तिच्यापेक्षा कितीतरी जड होता, स्टिअरिंगला दोन्ही खांदे लावावे लागत. नवरा शेजारी बसला, चिंगी त्याच्या मांडीवर. पूल मागे पडला. तो दुखऱ्या बोटावर फुंकर घालत खिडकीबाहेर बघत राहिला.

“तिघंही जायचं तर पाळणा बांधून घ्यायला हवा,” धाकटी म्हणाली.

“हं.”

“आईंना मी सांगते.”

“सांग की. आता तूच सगळं सांग.” मग थोड्या वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं, “मला तिने महिनाभरात क्लचला हातसुद्धा लावू दिला नाही. तुला बरा पहिल्याच दिवशी!”

धाकटीने त्याच्याकडे एकदा वळून बघितलं. तोंड आंबट, नाक जरा वर, नजर बाहेर. महिनाभर तिने स्वतःचं हेच तोंड स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांवर बघितलं होतं. याच्यावर काय उतारा असतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन गोड शब्द. ते तिच्याकडे होते.

पण पुढचं वळण येईपर्यंत तिने ते दिले नाहीत.

“अहो, चिंगीची टोपी सरळ करा,” ती म्हणाली आणि गिअर बदलला. “ऊन लागतंय तिला.”