रजईखालची धग

मित्रांनो, मी एक जुना कोळसा आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. तुमच्या पणजोबांचे पणजोबासुद्धा माझ्यापुढे कालची पोरं. पूर्वी मी दलदलीतलं नेच्याचं झाड होतो. ऊन खायचं आणि वाढायचं, एवढंच काम. मेलो, चिखलात पडलो, अंगावर गाळाचे थर चढत गेले. त्या ओझ्याने आणि जमिनीतल्या उष्णतेने कोट्यवधी वर्षं आम्हाला दाबून दाबून काळं केलं. खाल्लेलं ऊन मात्र आम्ही सोडलं नाही.

मग सुरुंग लागला. मालगाडीतून मी एका वीजकेंद्राच्या आवारात येऊन पडलो. तिथून सरकत्या पट्ट्यावर चढायचं, पीठ होऊन भट्टीत जळायचं. त्या आचेने पाण्याची वाफ होते, वाफ भलंमोठं चाक फिरवते आणि त्यातून वीज होते. माझे भाऊबंद असेच गेले. मी वाचलो, कारण माझ्या पोटावर नेच्याचं पान जसंच्या तसं उमटलं होतं. ढिगांवर डोझर चालवणाऱ्या डोझरवाल्याने ते पाहिलं आणि लेकीला दाखवायला म्हणून मला आपल्या सीटसमोर ठेवलं. माणूस लाख मोलाचा, पण विसरभोळा. लेक रोज विचारायची, पान आणलं का? हा रोज उद्याचा वायदा करायचा.

आम्हाला हवा लागली की आम्ही आतल्या आत तापतो. म्हणून डोझरने ढीग दाबून घट्ट करायचा आणि जुना माल आधी जाळायचा. डोझरवाल्याची धाकटी बहीण तिथेच कामाला होती. लांब सळई ढिगात खुपसून आतलं तापमान घ्यायची. पण त्या आवाराला एक खोड होती. धूर दिसला, की तापलेला माल उपसून थंड करायचा सोडून त्यावर नवा माल ओतायचे. धूर दिसेनासा व्हायचा. याला सगळे हसत हसत 'रजई टाकणं' म्हणत.

एका सोमवारी कोपऱ्यातल्या ढिगातून धूर निघाला. दोन मालगाड्या रिकाम्या व्हायच्या होत्या, आवारप्रमुखाला घाई. त्याने रजई टाकायला सांगितली. गुरुवारी सकाळी डोझरवाल्याने मला आठवणीने डब्याच्या पिशवीत टाकलं आणि नवा माल दाबायला डोझर त्या ढिगाकडे वळवला. बहीण आडवी आली.

"दादा, धूर गेलाय, आग नाही. आधी मला आतलं मोजू दे."

"संध्याकाळी मोज गं. तीन दिवसांत धुराचं टोक तरी दिसलं का तुला?"

ती बाजूला झाली. आपण का हटलो, म्हणून ती आजही स्वतःला खाते.

आगीने आत पोकळी केली होती. वरून ढीग अगदी धडधाकट दिसत होता. डोझर मधोमध आला आणि सगळं खाली खचलं. काच फुटून कोळसा आत शिरला. पिशवीतून मला त्याचा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ आला, मग थांबला. त्याला गाडणारे माझेच भाऊबंद होते, आणि मी नुसता पडून राहिलो. मला याची फार लाज वाटते.

बहिणीने पिशवी घरी नेली. लेकीने मला बाहेर काढलं, पानावरून बोट फिरवलं.

"आज बाबा विसरले नाहीत," ती म्हणाली.

आवारात आता रजई टाकत नाहीत. तेवढं कळायला एक माणूस जावा लागला.

मित्रांनो, रिकाम्या खोलीतला दिवा बंद करत जा. कळकळीने सांगतो. आम्ही काही दरवर्षी उगवत नाही, आणि आम्हाला तुमच्या दिव्यापर्यंत आणताना माणसं कामी येतात. मी आता डोझरवाल्याच्या खोलीत, खिडकीत असतो. इथे कुणी राहत नाही, तरी संध्याकाळी कुणीतरी दिवा लावून जातं. लेक बटणापर्यंत हात नेते आणि मागे घेते. तिला मात्र तुम्ही काही बोलू नका.