लोणच्याच्या बरणीतला डाग

पाळीच्या दुसऱ्या दिवशी घरात सात डाग ओले होते. लोणच्याच्या बरणीत एक, देवघराच्या भिंतीवर एक, फ्रिजमागे दोन, पंख्याच्या पात्यांवर तीन. गेल्या महिन्यात पाच होते. शलाकाने पडल्या पडल्या वहीत नोंद केली. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊनही तिला कळेना, आपण एकाच खोलीत पडून असताना डाग इतक्या लांब जातात कसे.

आई बरणी घेऊन दारात आली. "शिवलीस ना हिला? चार दिवस दम निघत नाही?"

"आई, मला उठून बसताही येत नाहीये गं."

"आम्हाला नव्हती का पाळी? आम्ही त्यातच कळशा वाहिल्या." आईने घासणीने डाग खरवडला. शलाकाच्या पोटात तीच घासणी फिरली. ती दुमडली. आई थांबली. मग तिने हळूच पुन्हा एकदा घासून पाहिलं. शलाका किंचाळली.

आईने त्याच दुपारी डॉक्टर मुजावरबाईंना घरी बोलावलं. आधीच्या दोन डॉक्टरांनी फक्त शलाकाची खोली पाहिली होती. खोली स्वच्छ आहे, लग्न झालं की बरं वाटेल, असं सांगून ते गेले होते. मुजावरबाईंनी स्टूल मागितलं आणि पंख्यावर टॉर्च मारला.

"हे गर्भाशयातल्यासारखं अस्तर आहे. भलत्या जागी उगवलंय."

"शिवल्यामुळे?" आईने विचारलं.

"नाही काकू. शिवण्याचा काही संबंध नाही."

"मग जाईल ना?"

"थोडं गोळ्यांनी वाळेल, थोडं काढावं लागेल. परत येऊ शकतं. पण हिचं दुखणं खरं आहे, तेवढं लक्षात ठेवा. आणखी कुठे बघायचं राहिलंय?"

"आईचं कपाट," शलाका म्हणाली.

"तिथे काही नाही," आई म्हणाली.

मुजावरबाईंनी टॉर्च चालूच ठेवला. शेवटी आईने कमरेची किल्ली काढून पलंगावर ठेवली.

शलाका भिंतीला धरत कपाटापर्यंत गेली. साड्यांच्या मागची फळी वरपासून खालपर्यंत तपकिरी होती. तिने एक बोट टेकवलं. मागे आई पोट धरून मुकाट्याने जमिनीवर बसली.

शलाकाने मोजायची टेप लावली. उंची एकशे ब्याऐंशी सेंटिमीटर, रुंदी शहाण्णव. मधोमध सहा सेंटिमीटर अजून ओलं.